पीएसए ‘नॉर्मल’ आहे, मग गाठीची बायोप्सी कशाला?

पत्र : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तेव्हाच तो ओटीपोटातल्या लिम्फ नोडमध्ये (लिम्फ हा पातळ द्रव गाळणाऱ्या ग्रंथींमध्ये) आणि कमरेच्या हाडात गेलेला होता. रेडिएशन झालं, आणि तेव्हापासून हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या बेंबीखाली आणि उजव्या जांघेत मिळून पाच-सहा लहान, कडक गाठी दिसल्या. दुखत नाहीत, खाजत नाहीत. फॅमिली डॉक्टरांनी गळू समजून अँटिबायोटिक दिलं. दोन कोर्स झाले, फरक नाही, उलट दोन गाठी वाढल्यात. आता स्किनच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. पण परवाच पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, केला तर २.८ आला, आणि कागदावर ४ पर्यंत नॉर्मल असं छापलेलं आहे. भाऊ म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल असताना चिरफाड कशाला? शिवाय कॅन्सरच्या गाठीला हात लावला की तो पसरतो, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. बाबांशी आम्ही यातलं काहीच बोललेलो नाही. काय करावं? – एक मुलगी

उत्तर :

ताई,

बायोप्सी करून घ्या. पुढच्या इंजेक्शनला जाऊ तेव्हा विचारू, असं नको. या आठवड्यातच वेळ घ्या. यापुढचं बरंचसं मी तुमच्या भावासाठी लिहितेय, त्यांना वाचायला द्या.

आधी तो २.८ चा आकडा. कागदावरची ४ ची मर्यादा ज्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं माहीत नाही आणि ज्यांच्यावर कसलाही उपचार चालू नाही, त्यांच्यासाठी आहे. तुमच्या बाबांना ती लागूच होत नाही. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात, निरोगीही आणि कॅन्सरच्याही, आणि ते तयार करायला त्यांना पुरुषी हार्मोनची चालना लागते. इंजेक्शननं ते हार्मोन बंद केलं की पीएसए धाडकन खाली येतो, अनेकांचा ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. तेव्हा जुनी फाइल काढा आणि इंजेक्शन सुरू झाल्यानंतरचा सगळ्यांत कमी आकडा शोधा. समजा तो ०.१ होता, तर आजचा २.८ म्हणजे २८ पट झाला. लॅबच्या मशीनला बाबांचा इतिहास माहीत नसतो, त्यामुळे त्या आकड्यासमोर लाल खूण येत नाही. ती खूण फाइल बघून आपण करायची असते.

आणि समजा पीएसए खरोखरच तळाला असता, तरी मी बायोप्सीच सांगितली असती. बराच काळ हार्मोनचे उपचार घेतलेल्या काही रुग्णांत कॅन्सरच्या पेशी आपला स्वभाव बदलतात. त्या हार्मोनवर अवलंबून राहत नाहीत आणि पीएसए बनवणंही जवळपास सोडून देतात. याला न्यूरोएंडोक्राइन बदल म्हणतात. अशा वेळी आजार पुढे सरकत असतो आणि रक्तातला आकडा मात्र गप्प असतो.

पीएसएसोबत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासलंय का, हेही बघा. नसेल तर तपासून घ्या. ही साधी तपासणी पुष्कळदा राहून जाते. इंजेक्शन नीट काम करत असेल तर टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली असायला हवं. ते वरती असेल तर एखादा डोस चुकलाय, उशिरा झालाय किंवा औषध लागू पडत नाहीये, आणि मग विचार वेगळा करावा लागतो. ते खाली असूनही आजार वाढत असेल, तर कॅन्सरनं हार्मोनबंदीला दाद देणं थांबवलंय. पुढची औषधं यावर ठरतात.

आता गाठी. पत्रावरून मला त्या नक्की काय आहेत हे कळणार नाही, आणि प्रत्यक्ष बघूनही कुणी खात्रीनं सांगू नये. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तो मुख्यतः हाडांत आणि लिम्फ नोडमध्ये, त्यानंतर फुप्फुसात आणि यकृतात. त्वचेत तो क्वचित येतो, शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत. म्हणून तुमच्या फॅमिली डॉक्टरांवर रागावू नका. अनेक डॉक्टरांच्या सबंध कारकिर्दीत असा एकही रुग्ण येत नाही. पहिल्या वेळी गळू वाटणं समजण्यासारखं आहे. दुसऱ्या कोर्सनंतरही गाठी तशाच राहिल्या, तेव्हा मात्र शंका यायला हवी होती.

पण तो त्वचेत येतो तेव्हा नेमका बाबांना जिथे गाठी आल्यात तिथेच जास्त करून दिसतो : ओटीपोट, जांघ, जननेंद्रियाचा भाग, मांडीचा वरचा भाग. ओटीपोटातले लिम्फ नोड आजारानं किंवा रेडिएशननं तुंबले की लिम्फचा प्रवाह उलटा वळतो आणि पेशी त्याच्याबरोबर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत येऊन थांबतात, असं मानलं जातं. काही वेळा त्या रक्तातून जातात, मग गाठ डोक्याच्या त्वचेत किंवा छातीवरही दिसू शकते. बाबांचं डोकं एकदा बोटांनी चाचपून बघा, आणि बेंबीच्या आत टॉर्च मारून बघा. बेंबीतल्या अशा गाठीला वैद्यकात सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव आहे. अमेरिकेत डॉ. विल्यम मेयो यांच्या हाताखाली शस्त्रक्रियेला मदत करणाऱ्या या नर्स होत्या. ऑपरेशनआधी पोट स्वच्छ करताना ज्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते त्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

दिसायला या गाठी फसव्या असतात. बहुधा कडक, न दुखणाऱ्या, त्वचेच्याच रंगाच्या किंवा लालसर-जांभळट. पण कधी कातडी नुसती जाड आणि लाल होते आणि जंतुसंसर्ग झाल्यासारखी दिसते, तर कधी पुरळ एका पट्ट्यात उठतं आणि नागीण वाटते.

उलट बाजूही सांगते, कारण सगळंच कॅन्सर नसतं. बाबांचं इंजेक्शन कुठे देतात? हार्मोनची काही औषधं पोटाच्या त्वचेखालीच देतात. गोसेरेलिनची बारीक कांडी तिथे बसवतात, डेगारेलिक्सही तिथेच टोचतात. टोचल्या जागी कडक, लालसर गाठ येऊन ती बरेच दिवस राहू शकते. बेंबीखालच्या गाठी बरोबर त्या जागांवर आहेत का, हे केस पेपर समोर ठेवून पडताळा. जांघेतल्या गाठींचा खुलासा मात्र इंजेक्शननं होत नाही. अपालुटामाइड नावाची गोळी चालू असेल तर तिनं अंगावर पुरळ येतं, पण ते पसरट आणि खाजरं असतं, गाठीसारखं नाही. चरबीची गाठ मऊ असते आणि बोटाखाली सरकते. त्वचेच्या सिस्टला पुष्कळदा मध्ये काळा ठिपका असतो.

जांघेत आणखी एक घोळ होतो. तिथली गाठ त्वचेत आहे की त्वचेखालच्या लिम्फ नोडमध्ये? वरची कातडी चिमटीत धरून हलकेच हलवायची. गाठ कातडीबरोबर हलली तर ती त्वचेत आहे. कातडी वरून सरकली आणि गाठ जागची हलली नाही, तर ती खालची असण्याची शक्यता जास्त. हे तुम्ही घरी करून बघितलंत तरी हरकत नाही, पण निर्णय डॉक्टरांच्या हातावर सोडा. फरक महत्त्वाचा अशासाठी, की प्रोस्टेटच्या आजारात लिम्फ नोड वाढणं नेहमीचं आहे. त्वचेत प्रसार होणं दुर्मिळ आणि जास्त गंभीर.

बायोप्सी म्हणजे ‘चिरफाड’ हे भावाच्या डोक्यातून काढा. गाठीच्या जागी भुलीचं इंजेक्शन देतात, तेवढं झोंबतं. मग पेन्सिलीएवढं, गोल पात्याचं पंच नावाचं उपकरण फिरवून, साधारण ४ मिलिमीटर रुंदीचा तुकडा खालच्या चरबीपर्यंत काढतात. एक-दोन टाके घालतात. बाबा त्याच दिवशी चालत घरी येतील. गाठ खोल असेल तर पंचऐवजी छोटी चीर देऊन तुकडा घेतात किंवा आख्खी गाठ काढतात. वरवरचं खरवडून घेतलेलं चालत नाही, कारण हा आजार त्वचेच्या खालच्या थरात असतो आणि वरचा थर पुष्कळदा अगदी साफ असतो. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर आधीच सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. तुकडा फॉर्मालिनमध्येच जायला हवा. जंतुसंसर्गाचीही शंका असेल तर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, वेगळा तुकडा सलाइनमध्ये द्यावा लागतो, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरला काहीच येत नाही.

आता तुम्हाला ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले, ते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुकडा शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर येतो, आणि त्याच्यासोबत एक फॉर्म येतो. त्या फॉर्मवर पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं : ‘त्वचेची गाठ, ओटीपोट.’ बास. प्रोस्टेटचा उल्लेखही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मला त्वचेचा वरचा थर सरळ, शांत दिसतो. त्याच्या खाली एक मोकळी पट्टी. तिच्याखाली मात्र तंतूंच्या मधून रांगा धरून किंवा बारीक ग्रंथींसारखी कडी करून बसलेल्या पेशी, प्रत्येकीच्या केंद्रकात ठसठशीत टिंब. हे बाहेरून आलेलं आहे, असं मनात येतं. पण घामाच्या ग्रंथींचे काही ट्यूमरही असेच दिसतात. पुरुषांच्या त्वचेत फुप्फुसातून आणि मोठ्या आतड्यातून आलेला कॅन्सर प्रोस्टेटपेक्षा जास्त वेळा सापडतो. इतिहास माहीत नसला की आधी त्या दिशांनी शोध सुरू होतो. तुकडा मुळात इवलासा. प्रत्येक तपासणीला त्याचा एक पातळ काप खर्च होतो. चुकीच्या दिशेनं दोन-तीन फेऱ्या झाल्या की खरी तपासणी करायला ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात, काही उरत नाही, आणि बाबांना पुन्हा टेबलावर झोपावं लागतं.

म्हणून बायोप्सीच्या दिवशी फॉर्म भरला जात असताना तिथे उभ्या राहा आणि त्यावर हे जाईल असं बघा : ‘वय ७२. प्रोस्टेटचा अडेनोकार्सिनोमा, चार वर्षांपूर्वी निदान, ग्लीसन स्कोअर अमुक. रेडिएशन झालेलं, हार्मोन इंजेक्शन चालू. पीएसए २.८, आधीचा नीचांक अमुक. ओटीपोट आणि उजव्या जांघेत दोन महिन्यांपासून कडक गाठी. प्रोस्टेटचा त्वचेतला प्रसार आहे का?’ ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टात सापडेल. त्या रिपोर्टाची झेरॉक्स जोडा. जमलं तर जिथे ती बायोप्सी झाली तिथून जुन्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघितलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पुढे आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, सांगतील. पेशींमध्ये कुठली प्रथिनं आहेत हे रंग चढवून बघायची ही तपासणी. प्रोस्टेटसाठी एनकेएक्स ३.१, पीएसए, प्रोस्टेटिक अ‍ॅसिड फॉस्फेटेज असे मार्कर लावतात. सीके ७ आणि सीके २० हे दोन्ही प्रोस्टेटमध्ये बहुतेकदा निगेटिव्ह असतात. फुप्फुसासाठी टीटीएफ १ आणि आतड्यासाठी सीडीएक्स २ बघतात. रिपोर्टात पीएसए निगेटिव्ह दिसलं म्हणून लगेच हुश्श करू नका. हार्मोनचे उपचार झालेल्या आणि बेशिस्त वाढणाऱ्या पेशींमध्ये तो रंग फिका पडतो किंवा येतच नाही, म्हणून तर एनकेएक्स ३.१ सोबत लावतात. उलट लाळग्रंथींच्या काही ट्यूमरमध्ये प्रोस्टेटचे मार्करही चढू शकतात. एका मार्करवर निदान ठरत नाही, सगळे एकत्र वाचायचे असतात. पेशी बारीक, दाटीवाटीच्या दिसल्या तर सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन लावतात, वर म्हटलेला न्यूरोएंडोक्राइन बदल पकडायला. तो निघाला तर केमोथेरपीची निवडच बदलते. तुमच्या डॉक्टरांना हे एवढं जरूर विचारा : ‘न्यूरोएंडोक्राइन मार्कर लावलेत का?’

पसरण्याच्या भीतीबद्दल. ती आकाशातून पडलेली नाही. प्रोस्टेटच्या सुईच्या वाटेवर किंवा ऑपरेशनच्या व्रणात गाठ आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, पण अगदी विरळ. बाबांच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे. गाठ कॅन्सरची नसेल तर पसरायला काही नाही. असेल, तर ती ओटीपोटातून त्वचेपर्यंतचा प्रवास आधीच करून आलेली आहे. चार मिलिमीटरच्या तुकड्यानं तिच्या वाटचालीत काही फरक पडत नाही. बायोप्सी टाळली तर मात्र तिसरा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होईल आणि आणखी एक महिना जाईल.

कुणी म्हणेल, बायोप्सी कशाला, सरळ पीएसएमए पेट स्कॅन करा. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं, त्याला चिकटणारं किरणोत्सारी औषध देऊन हा स्कॅन काढतात. स्कॅन लागेलच, आजार एकंदर कुठे कुठे आहे ते बघायला. पण त्वचेतली बारीक गाठ त्यात सुटू शकते, न्यूरोएंडोक्राइन पेशी तर पुष्कळदा त्यात उजळतच नाहीत, आणि उजळलेली प्रत्येक जागा प्रोस्टेटचीच असते असंही नाही. हाताशी असलेली गाठ सोडून मशीनवर विसंबणं मला पटत नाही.

या तुकड्याचा आणखी एक उपयोग आहे. आता अशा आजारात बीआरसीए १, बीआरसीए २ आणि त्यांच्यासारख्या जनुकांतले बदल, तसंच डीएनए-दुरुस्तीतला बिघाड शोधतात, कारण ओलापॅरिबसारखं औषध काहींना त्यावरूनच देता येतं. हाडाचा तुकडा तपासण्याआधी आम्लात मऊ करावा लागतो, त्यात डीएनए खराब होतो. त्वचेच्या तुकड्याला हे करावं लागत नाही. तेव्हा ब्लॉक जपून ठेवायला सांगा.

निदान प्रसाराचंच आलं तर? गोड बोलून तुम्हाला काही मिळणार नाही. त्वचेतला प्रसार बहुधा आजाराच्या उशिराच्या टप्प्यात येतो, आणि जुन्या अहवालांमध्ये त्यानंतरचं आयुष्य पुष्कळांच्या बाबतीत महिन्यांत मोजलेलं आहे. ते अहवाल आजची बरीच औषधं येण्याआधीचे आहेत. आज अबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड, डोसेटॅक्सेल, पीएसएमएला चिकटणारं किरणोत्सारी ल्युटेशियम असे पर्याय आहेत. बाबांना यातलं काय झालंय, त्यांची ताकद किती आहे आणि यकृत-फुप्फुसात काही आहे का, यावर पुढचं ठरेल. दुखणाऱ्या किंवा रक्त येणाऱ्या गाठीवर तेवढ्यापुरतं रेडिएशनही देता येतं.

बाबांशी बोलण्याचं. त्यांच्या अंगावरच्या गाठी आहेत, अंघोळ करताना रोज त्यांच्या हाताला लागत असणार. बायोप्सीच्या संमतीवर सहीही त्यांनाच करायची आहे. सगळं भाकीत सांगत बसू नका. ‘गाठी अँटिबायोटिकनं गेल्या नाहीत, जुन्या आजाराशी संबंध आहे का ते बघायचंय, म्हणून एक तुकडा काढणार आहेत,’ एवढं सरळ सांगा आणि मग गप्प बसून ते काय विचारतात ते ऐका. जेवढं विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या.

या दरम्यान त्यांना पाठीत नवीन, वाढतं दुखणं सुरू झालं, पायांत जोर नाही असं वाटलं, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर बायोप्सीच्या तारखेची वाट बघायची नाही. मणक्यातल्या आजारानं मज्जारज्जू दबण्याची ही लक्षणं असतात. तसंच गाठीभोवती गरम, पसरती लाली आणि थंडी-ताप आला तर खरोखरच संसर्ग झालेला असू शकतो. दोन्ही वेळा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पहिल्या वेळी तर तासांचा हिशेब असतो.

आणि एक तुमच्या स्वतःसाठी. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये रक्तातूनही बीआरसीएची तपासणी करतात, कारण हा बदल जन्मजात असू शकतो. बाबांच्या रक्तात तो सापडला, तर तुमच्यात आणि भावात तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. भावाच्या बाबतीत प्रश्न प्रोस्टेटचा, तुमच्या बाबतीत स्तन आणि अंडाशयाचा. बाबांच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा की ही तपासणी झाली आहे का. नसेल तर बायोप्सीच्याच दिवशी रक्त देऊन टाका. रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा, फक्त निष्कर्षाची ओळ नको, आयएचसीचं पानही सोबत पाठवा.